कांद्याच्या चाळीत सरकारने कुठवर यावं?

प्रश्न थोडक्यात असा: "स्वातंत्र्यवादी मंडळी सांगतात की सरकारने बाजारातून बाहेर पडावं. पण उद्या कांदा शंभर रुपये किलो झाला आणि व्यापाऱ्यांनी माल दाबून ठेवला, तर सरकारने नुसतं बघत बसायचं का? मर्यादा नेमकी कुठे आखायची? आणि ती आखली जात नाही तोवर चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, माल ठेवणाऱ्याने स्वतःला कसं सांभाळायचं?"

आधी एक गैरसमज दूर करतो. सरकारच नको म्हणणारे स्वातंत्र्यवादी आहेत, पण थोडे. रॉबर्ट नॉझिकसारखा कडक तत्त्वज्ञही पोलीस, न्यायालयं आणि करारांची अंमलबजावणी एवढं सरकार मान्य करतो. अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक हायेक त्याहून पुढे जाऊन निराधारांसाठी किमान उत्पन्नाची सोयही चालवून घेतो. आपल्याकडे हा विचार शेताच्या बांधावर नेला तो शरद जोशींनी, आणि शेतकरी संघटनेची सुरुवातच चाकणच्या कांद्यापासून झाली. "भीक नको, हवे घामाचे दाम" या घोषणेत सरकारकडे काही मागण्यापेक्षा सरकारने आडवं येऊ नये ही मागणी मोठी होती. तेव्हा सरकार लहान हवं की मोठं यावर वाद घालण्यात वेळ जातो. कोणताही हस्तक्षेप समोर आला की चार गोष्टी विचाराव्यात: निर्णय कोण घेतो, कोणत्या मोजमापावर घेतो, किती दिवसांसाठी घेतो, आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो. कांद्याच्या बाबतीत या चारही प्रश्नांची आजची उत्तरं वाईट आहेत, आणि चौथ्याचं सगळ्यात वाईट.

अधिकार कुठून येतात ते पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती आणि बाजार हे विषय राज्यांकडे आहेत. पण १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीतली (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांची यादी) ३३ वी नोंद रुंद केली आणि खाद्यपदार्थ, तेलबिया, चारा, कापूस, ताग यांच्या व्यापारात केंद्राला दार उघडून दिलं. त्या दारातून आत आला १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा, ज्याला बाजारात सगळे ईसी ॲक्ट म्हणतात. त्याची वंशावळ बघण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धातले भारत संरक्षण नियम, मग १९४६ चा अत्यावश्यक पुरवठा (तात्पुरते अधिकार) कायदा, आणि मग हा. कंसातला "तात्पुरते" हा शब्द १९५५ मध्ये गळाला, अधिकार तेवढे राहिले.

या कायद्याच्या कलम ३ मध्ये, सरकारला "आवश्यक किंवा इष्ट" वाटलं तर उत्पादन, पुरवठा, वाटप, किंमत, साठा, वाहतूक कशावरही आदेश काढता येतो. "वाटलं तर" हीच सगळी ग्यानबाची मेख. भाव किती टक्के वाढला म्हणजे इष्ट, हे मूळ कायद्यात कुठेच नाही. आदेश संसदेपुढे ठेवायचा असतो, पण अंमल आधीच सुरू झालेला असतो. आदेश मोडला तर कलम ७ खाली ३ महिने ते ७ वर्षं कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. कलम १०-सी नुसार तुमचा हेतू दोषी होता असं न्यायालय गृहीत धरतं आणि तो नव्हता हे तुम्ही सिद्ध करायचं. फौजदारी कायद्यात असं उलटं ओझं अपवादानेच टाकतात. इथे ते एका भाजीवर आहे.

त्यात १९७६ मध्ये, ४० व्या घटनादुरुस्तीने, हा कायदा नवव्या परिशिष्टात गेला. परिशिष्टातल्या कायद्याला मूलभूत हक्कांचा भंग या कारणावरून आव्हान देता येत नाही, हा त्या परिशिष्टाचा उद्देशच आहे. चळवळीतले बरेच जण इथेच हात टेकतात. ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २००७ ला कोएल्हो खटल्यात ठरवलं की २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतात. ईसी ॲक्ट तारखेने त्यात बसतो. महाराष्ट्राचा १९६१ चा मूळ शेतजमीन कमाल धारणा कायदा मात्र परिशिष्टात त्याच्या बराच आधी गेलेला असल्याने तिथली लढाई जास्त अवघड आहे.

पण साठा हे एकच दार. निर्यातीला दुसरं दार आहे, आणि तिसरंही. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याच्या कलम ३ नुसार केंद्र राजपत्रात एक अधिसूचना काढून निर्यात बंद करू शकतं किंवा तिला किमान निर्यात मूल्याची (त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) अट घालू शकतं. सीमाशुल्क दर कायदा, १९७५, याच्या कलम ८ नुसार निर्यातशुल्क लावता येतं. त्याला संसदेची मंजुरी मागावी लागते, पण शुल्क लागू होतं अधिसूचनेच्या दिवसापासून. तिन्ही दारांच्या किल्ल्या एकाच हातात असल्यामुळे एक बंद केलं की दुसरं उघडता येतं.

२०२३ चं वर्ष या दृष्टीने नीट बघावं. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा मातीमोल झाला. राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असं अनुदान जाहीर केलं. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी ही अट आली आणि बरेच अर्ज तिथेच अडकले. मग ऑगस्टमध्ये, म्हणजे चाळीतला उन्हाळी कांदा जरा बरा भाव दाखवू लागला तेव्हा, केंद्राने ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. त्याच महिन्यात २,४१० रुपये क्विंटलने सरकारी खरेदी जाहीर झाली. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, त्या वेळच्या विनिमय दराने किलोला सुमारे ६७ रुपये. ८ डिसेंबरपासून सरळ बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला शुल्क शून्य. वीस महिन्यांत नियम किती वेळा बदलला ते मोजा. मधल्या काळात ठरावीक देशांना ठरावीक टन, एका राज्यातून पांढऱ्या कांद्याचे २,००० टन, अशा खास परवानग्याही निघाल्या. नियम जाऊन त्या जागी परवानगी आली की अर्जदारांची रांग लागते, आणि रांगेत पुढे कोण उभं राहणार हे बाजार ठरवत नाही.

आता चौथा प्रश्न, खर्चाचा. समजा लासलगावला कांदा २० रुपये किलो आहे. निवड, गोण्या, वाहतूक, बंदराचा खर्च आणि निर्यातदाराचा नफा मिळून ८ रुपये धरा. जहाजावर माल चढेपर्यंत २८ रुपये. दुबईचा किंवा क्वालालंपूरचा खरेदीदार २८ च्या वर द्यायला तयार नाही, कारण पाकिस्तान आणि इजिप्त तेवढ्यात देतात. आता ४० टक्के शुल्क लागलं. निर्यातदार उलटा हिशोब करतो: २८ भागिले १.४, म्हणजे शुल्काआधीची किंमत २० बसली पाहिजे. त्यातून ८ वजा. लिलावात तो १२ च्या वर जाणार नाही. शुल्क आठ रुपये, आणि शेतकऱ्याचा भाव पडला तोही आठ रुपये. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्षात भारत मोठा विक्रेता असल्याने थोडा बोजा परदेशी गिऱ्हाइकही उचलतं आणि देशातली मागणी भावाला कुठेतरी थोपवते. पण दिशा हीच.

खरी गोम पुढे आहे. २०२२-२३ मध्ये देशातून सुमारे २५ लाख टन कांदा बाहेर गेला. उत्पादन ३०० लाख टनांच्या आसपास. म्हणजे निर्यात आठ-नऊ टक्के. तरी लिलावाच्या ओट्यावर निर्यातीचा ढीग आणि कोलकात्याचा ढीग असे वेगळे नसतात. शेवटच्या गिऱ्हाइकाचा भाव सगळ्या मालाला लागतो. त्यामुळे आठ टक्के मालावर लावलेलं शुल्क शंभर टक्के मालाचा भाव खाली ओढतं. सरकारच्या तिजोरीत जमा होते ती फक्त निर्यात झालेल्या मालावरची रक्कम. बाकीची रक्कम शेतकऱ्याच्या खिशातून ग्राहकाकडे आणि मधल्या साखळीकडे जाते, आणि अर्थसंकल्पात तिची एक ओळही दिसत नाही. स्वातंत्र्यवादी आक्षेपाचा गाभा हाच. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा द्यायचा असेल तर तो सार्वजनिक खर्च आहे, तेव्हा तो करातून करा, संसदेत मांडा, आकडा दाखवा. एका गटावर न सांगता कर लावून दुसऱ्याला मदत करणं यात नैतिक अडचण आहेच, पण हिशोबाची अडचण त्याहून मोठी आहे. जो खर्च कुठे दिसत नाही तो कोणीच आवरत नाही. १९९८ मध्ये दिल्लीच्या निवडणुकीत कांदा गाजला तेव्हापासून कोणत्याही पक्षाच्या सरकारला हा न दिसणारा खर्च फार सोयीचा वाटत आला आहे.

साठामर्यादेचं यंत्र वेगळं चालतं. २३ ऑक्टोबर २०२० ला ठोक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला २ टन अशी मर्यादा आली. २५ टन म्हणजे किती? एक मोठा ट्रक. लासलगाव-पिंपळगावचा मध्यम व्यापारी दिवसाला त्याहून जास्त घेतो. घेतलेला माल खळ्यावर पसरावा लागतो, वाळवावा लागतो, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी काढावी लागते, सडका काढून टाकावा लागतो, मग गोणी भरून गाडी लागते. गुवाहाटीला किंवा कोलकात्याला पोचेपर्यंत आणखी काही दिवस. या सगळ्या काळात तो कांदा कागदोपत्री त्याचा "साठा" असतो. एका ट्रकाची मर्यादा घातली की पहिला ट्रक निघेपर्यंत दुसरी बोली लावणं म्हणजे गुन्हा. मग तो ओट्यावर येतच नाही. ऑक्टोबर २०२० च्या अखेरीला नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले ते यामुळे. मर्यादा व्यापाऱ्यावर होती, अडकला ट्रॅक्टर शेतकऱ्याचा.

"साठेबाजी" या आरोपात तथ्य किती, तेही बघा. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पुरवायचा असतो. खरीप कांदा टिकत नाही. कोणीतरी सहा महिने माल धरून ठेवलाच नाही, तर सप्टेंबरमध्ये देशाला कांदाच मिळणार नाही. साध्या चाळीत चार-सहा महिन्यांत सड, घट आणि कोंब धरून ३० ते ४० टक्के माल जातो. मे महिन्यात १,५०० रुपये क्विंटलने धरलेला माल एक तृतीयांश घटला, तर सप्टेंबरमध्ये २,२५० ला विकूनही हातात तेवढेच पैसे येतात. व्याज, मजुरी आणि चाळीचा खर्च वेगळा. वरचा भाव हा त्या जोखमीचा मोबदला. आणि तो भाव निरोपही देतो: ऑगस्टमध्ये भाव चढला की रांगड्याचं (उशिरा खरीप कांद्याचं) रोप जास्त पडतं. ८ डिसेंबरची बंदी आली तेव्हा उन्हाळी कांद्याची लागवड सुरू होती. रोप तयार, रान तयार, आणि भावाचा निरोप उलटा. हायेकचं म्हणणं हेच होतं की हे विखुरलेलं ज्ञान दिल्लीतल्या कोणत्याही खोलीत गोळा होत नाही, भावातूनच ते फिरतं.

मर्यादा कायद्यात लिहून घेण्याचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. २०२० च्या दुरुस्तीने (जून २०२० मध्ये अध्यादेश, सप्टेंबरमध्ये कायदा) पहिल्यांदा मोजमाप आलं: धान्य, डाळी, बटाटा, कांदा, तेलबिया, तेल यांवर युद्ध, दुष्काळ, असाधारण भाववाढ किंवा गंभीर नैसर्गिक आपत्ती असेल तरच नियंत्रण, आणि साठामर्यादा लावायची तर फळं-भाज्यांचा किरकोळ भाव १०० टक्के, टिकाऊ मालाचा ५० टक्के वाढलेला हवा. स्वातंत्र्यवाद्यांनी टाळ्या वाजवल्या. मसुद्यात तीन भोकं होती आणि तिन्ही लगेच उघडी पडली.

पहिलं भोक निर्यातीचं. दुरुस्ती ईसी ॲक्टपुरती होती. अध्यादेशाला साडेतीन महिनेही झाले नव्हते तेव्हा १४ सप्टेंबर २०२० ला विदेश व्यापार कायद्याखाली कांद्याची निर्यात बंद झाली. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. एका दाराला कुलूप लावून दुसरं सताड उघडं ठेवलं तर असंच होणार.

दुसरं भोक पायाभूत भावाचं. वाढ मोजायची ती मागच्या १२ महिन्यांच्या भावाशी किंवा पाच वर्षांच्या सरासरीशी, यांपैकी जो कमी असेल त्याच्याशी. ऑक्टोबर २०२० मध्ये किरकोळ भाव वर्षापूर्वीच्या तुलनेत साधारण २२ टक्के वर होता, पण पाच वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत जवळपास ११५ टक्के. कांद्याच्या पाच वर्षांत दोन वर्षं तरी मातीमोलाची असतात. ती सरासरी खाली ओढतात, आणि शेतकरी ज्या भावाला बुडाला तोच भाव पुढे त्याच्याविरुद्ध माप म्हणून वापरला जातो. ज्यांना पुन्हा असा मसुदा करायचा असेल त्यांनी "जो जास्त असेल तो" असं लिहावं, आणि सरासरीतून महागाईचा परिणाम वेगळा काढावा.

तिसरं भोक मुदतीचं. मर्यादा आपोआप संपण्याची तारीख कायद्यात नव्हती.

त्याच वेळच्या व्यापारविषयक कायद्यात आणखी एक गफलत होती, ज्याबद्दल मुक्त बाजारवाल्यांनी फारसं तोंड उघडलं नाही. बाजार समितीबाहेरच्या व्यवहारातला वाद प्रांताधिकाऱ्याकडे न्यायचा आणि दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद. करार पाळला जातो की नाही हे बघायला स्वतंत्र न्यायालय असणं हे तर किमान सरकारचं पहिलं काम, आणि तेच महसूल खात्याकडे सोपवलेलं. १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने, ही दुरुस्ती धरून २०२० च्या तिन्ही शेती कायद्यांना स्थगिती दिली, २९ नोव्हेंबर २०२१ ला संसदेने ते रद्द केले. १९५५ च्या कायद्याचं कलम ३ पुन्हा जसंच्या तसं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे: कांदा खरोखरच शंभर रुपयांवर गेला तर? सरकारने बाजारात इतरांसारखं गिऱ्हाईक म्हणून उतरावं. मे-जूनमध्ये खुल्या लिलावात विकत घ्यावं, सप्टेंबरनंतर आधी जाहीर केलेल्या भावपातळीला सोडावं. किंमत स्थिरीकरण निधी आहे, नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था खरेदी करतात, ३ ते ५ लाख टनांचा साठा केलेला आहे. दोष आहे तो सोडण्याच्या नियमात. भाव किती झाल्यावर रोज किती टन निघणार हे आधी माहीत नसतं, त्यामुळे हा साठाच व्यापाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार होऊन बसतो आणि तो कमी माल धरतो. नियम छापील असेल तर तो आपली खरेदी त्यानुसार बेतेल. आयात खुली ठेवावी. गरिबाला मदत द्यायची तर रोख द्यावी, तिजोरीतून. निर्यातबंदीचा अधिकार उरवायचाच असेल तर त्याला तीन साखळ्या हव्यात: ६० दिवसांत आपोआप संपणं, वाढवायची तर संसदेचा ठराव, आणि आधी झालेल्या करारांना सूट किंवा भरपाई. पक्का स्वातंत्र्यवादी एवढंही देणार नाही. मी देईन, कारण लगाम नसलेल्या अधिकारापेक्षा लगाम असलेला बरा. आणि हो, मग फेब्रुवारीतलं साडेतीनशे रुपयांचं अनुदानही मागता येणार नाही. तेजीत हात लावू नका आणि मंदीत पैसे द्या, ही मागणी समजण्यासारखी आहे, पण ती स्वातंत्र्यवाद नाही.

व्यापाऱ्यांनी संगनमत केलं तर? त्यासाठी स्पर्धा कायदा, २००२, याचं कलम ३ आहे. बोलीत साटंलोटं करणं त्यात येतं. संगनमत सोपं झालं ते परवान्यांमुळे, कारण ओट्यावर कोण उभं राहणार हे ठरलेलं असतं. महाराष्ट्राने जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला, कांदा-बटाट्यासह, समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायला लावली. पाऊल बरोबर होतं. पण बाहेरच्या व्यवहारात पैसे बुडाले तर पुढे काय, याचं उत्तर कोणी तयार ठेवलं नाही. जिथे सरकार हवं तिथे ते पातळ होतं आणि जिथे नको तिथे दाट, असं कांद्याच्या पूर्ण साखळीत दिसतं.

म्हणून कायदा बदलेपर्यंत काय करायचं ते सांगतो.

चाळीतल्या मालाचा कागद तयार ठेवा. ई-पीक पाहणीत कांद्याची नोंद, त्यातही "उन्हाळी" अशी वेगळी, हंगाम संपायच्या आत झाली पाहिजे. चाळीची लांबी-रुंदी-उंची, भरल्याची तारीख, अंदाजे क्विंटल आणि दर महिन्याची घट एका वहीत लिहा. साठामर्यादेचे आदेश सहसा ठोक आणि किरकोळ विक्रेत्यांवर असतात, स्वतःचं पीक ठेवणाऱ्या शेतकऱ्यावर नसतात. पण माल तुमच्याच शेतातला आहे हे दाखवायची वेळ तुमच्यावरच येते. शेतकरी उत्पादक कंपनीची चूक इथे नेहमी होते. सभासदांचा माल कंपनीच्या गोदामात आला आणि खरेदीची पावती फाडली की मालकी कंपनीची, आणि कंपनी ठोक व्यापारी. माल फक्त ठेवायला घेत असाल तर तसा करार करा, सभासदवार थप्पी वेगळी ठेवा, पावतीवर "साठवणुकीसाठी" असं लिहा आणि पैसे विक्रीनंतर चुकते करा.

तपासणी आली तर पंचनाम्यावर न वाचता सही करू नका. वजन डोळ्यांनी धरू देऊ नका, काट्यावर करा. सडका आणि गोल्टी वेगळी नोंदवायला लावा. पंचनाम्याची प्रत मागा. जप्ती झाली तर ईसी ॲक्टच्या कलम ६-बी नुसार सरकारजमा करण्याआधी लेखी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. उत्तर तोंडी देऊ नका. टपालाने आणि हातोहात, दोन्ही मार्गांनी द्या आणि पोच घ्या. कांदा नाशवंत आहे. कलम ६-ए खाली जिल्हाधिकारी तो लिलावाने विकून रक्कम ठेवू शकतात, तसा अर्ज पहिल्याच दिवशी तुम्हीच करा. निकाल तुमच्या बाजूने लागेपर्यंत माल सडला तर भांडण नुसतं तत्त्वाचं उरतं. आदेश मिळाल्यापासून एका महिन्यात कलम ६-सी खाली अपील.

निर्यात करत असाल तर बंदीच्या अधिसूचनेतली सुटीची कलमं आधी वाचा. साधारणपणे अधिसूचनेपूर्वी जहाजावर माल चढू लागला असेल, शिपिंग बिल (सीमाशुल्क खात्याकडे भरायचा निर्यातीचा कागद) दाखल होऊन जहाज बंदरात लागलं असेल, किंवा माल सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात जाऊन त्यांच्या प्रणालीत नोंदला गेला असेल, तर तो जाऊ देतात. वाटेतल्या कंटेनरला सूट नसते. त्यामुळे ऑगस्ट ते डिसेंबर या काळात शिपिंग बिल लवकर भरणं आणि कंटेनर लवकर आत नेणं एवढं तुमच्या हातात आहे. परदेशी खरेदीदाराशी करारात सरकारी बंदी आल्यास नुकसानभरपाईतून सुटका देणारं कलम घाला.

समितीबाहेर विक्री केली तर सौदा चिठ्ठीवर भाव, वजन, देय तारीख आणि खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचा वैधमापन खात्याचा शिक्का बघा, तो १२ महिन्यांपेक्षा जुना नको. धनादेश परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात परक्राम्य संलेख कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची तक्रार. नोटिशीची मुदत चुकली तर ती माफ होत नाही, आणि तक्रारीची चुकली की न्यायालयापुढे विलंबाची कारणं देत बसावं लागतं. "देतो, देतो" म्हणत खरेदीदार नेमके ते दिवस घालवतो.

शेवटी आदेशालाच आव्हान द्यायचं असेल तर. उच्च न्यायालयात रिट करता येतं, अनुच्छेद १४ (समानता) आणि १९(१)(जी) (व्यवसायाचा हक्क) खाली, आणि २०१६ च्या मॉडर्न डेंटल कॉलेज निकालातली प्रमाणबद्धतेची कसोटी उपयोगी पडते, विशेषतः त्यातला "याहून कमी जाचक उपाय होता का" हा प्रश्न. अडचण वेळेची आहे. आदेश दोन-तीन महिन्यांचा असतो, सुनावणीपर्यंत तो संपतो आणि याचिका निरर्थक ठरवून निकालात निघते. यावर उपाय म्हणजे स्थगितीबरोबरच नुकसानभरपाईची आणि अधिकाराचा वापर बेकायदा होता हे घोषित करण्याची मागणी याचिकेतच करणं. मग आदेश संपला तरी प्रश्न जिवंत राहतो. पुरावा आधी गोळा करा. ग्राहक व्यवहार विभाग देशभरातल्या ५०० हून अधिक केंद्रांतून रोजचे किरकोळ भाव जमवतो. दहा रुपये भरून माहिती अधिकारात आदेशाच्या तारखेआधीच्या ९० दिवसांचे भाव, फाइलवरची टिपणं आणि पर्यायांचा विचार झाला असल्यास त्याची नोंद मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, म्हणून अर्ज आदेश आला त्याच आठवड्यात टाका.